चॅनेलच्या बरोबर मध्यावर

दादाचा सिग्नल सुधारला म्हणून मी चार लोकांत त्याचं कौतुक केलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दादा जन्माचा ढिसाळ. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावणार, चहा ओतताना बशीत जास्त आणि कपात कमी. रेडिओवरही तसाच. आम्ही दोघं हौशी रेडिओवाले, म्हणजे रीतसर परवाना काढून घरच्या घरी रेडिओवर बोलणारे. बाबांनी आम्हाला एकाच टेबलावर बसवून मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची लिपी, शिकवलं. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. दिवसभर लोकांना वरखाली पोहोचवायची सोय करून घरी आले की हातपाय धुतले-न धुतले, रेडिओपुढे बसायचे. पुढे आम्ही भावंडं दोन वेगळ्या गावांत राहायला गेलो, पण रविवारी सकाळी तिघं हवेत भेटायचो.

आमची भेटायची जागा म्हणजे एका पट्ट्यातली मोजकी चॅनेल्स. हा पट्टा आमचा नव्हे. तो सरकारी खात्यांचा आणि बचाव पथकांचा. आम्ही तिथे पाहुणे. त्यामुळे नियम कडक. ठरलेल्या चॅनेलवरच बसायचं. तोंडाने बोला, मोर्स पाठवा, नाहीतर परवानगी असलेले एकदोन डिजिटल मोड वापरा. बाकी काही चालणार नाही. डिजिटल सिग्नल चॅनेलच्या बरोबर मध्यावर हवा. मालक आला की वाक्य अर्ध्यात सोडून उठायचं. आणि मालकाची हाक ऐकू यावी म्हणून रेडिओपाशी माणूस बसलेला हवा. यंत्राला कामाला लावून आपण बाहेर जायचं नाही, हे तर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे.

यातलं मध्यावरचं प्रकरण भल्याभल्यांना चकवतं. रेडिओच्या काचेवर जो आकडा दिसतो तो चॅनेलच्या मध्याचा नसतो, जरा खालचा असतो. नवखा माणूस मध्याचा आकडा काचेवर लावून मोकळा होतो आणि त्याचा सिग्नल चॅनेलच्या काठावर जाऊन लोंबकळतो. दादा नवखा नव्हता, पण तो हटकून हेच करायचा. कधी कधी डिजिटलवर आला की मी लगेच फोन लावायची, "दादा, पाय बाहेर आलेत तुझे, आत घे." तो म्हणायचा, "चालतंय गं, कोण बघतंय!" मला असलं चालत नाही. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि कॅप बनवते. केसाएवढा दात उंच राहिला तर ते माणूस प्रत्येक घासाला माझा उद्धार करतं.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या कॉलसाइनचा प्रश्न आला. कॉलसाइन म्हणजे रेडिओवाल्याचं हवेतलं नाव. माणूस गेला की घरातल्या एकाला ते मागून घेता येतं. एकालाच. मला ते हवं होतं, अगदी लहान मूल हट्टाने मागतं तसं हवं होतं. घर, कपाट, भांडी, सगळ्याची वाटणी हसतखेळत झाली, कारण माझा कशावरच जीव नव्हता. या चारदोन अक्षरांवर होता. लहानपणी बाबा कामावर असताना मी रेडिओ लावायची आणि कुठून तरी, कोणी तरी त्यांना त्या नावाने हाक मारत असायचं.

दादा म्हणाला, "ठमे, मला दे. तुझ्याकडे तुझं आहे, माझं तर बाबांच्या आजारपणातच बाद झालंय. बाबांचं नाव मी दर रविवारी हवेत आणीन. शपथ. एक रविवार चुकवणार नाही."

मी दिलं. आणि खरं सांगायचं तर त्याने एकही रविवार चुकवला नाही.

सुरुवातीला आम्ही मोर्सवरच बोलायचो. मोर्समध्ये माणसाचा हात ओळखू येतो, जिन्यातल्या पावलांवरून घरचं माणूस ओळखू येतं तसा. दादाचा हात धांदरट. लांब टोला निम्म्यात तोडणार आणि पुढच्या अक्षरावर धडकणार. पण बोलणं संपलं की तो न चुकता दोन बारीक ठोके द्यायचा, टिक टिक. ही बाबांची सवय. मी उलट दोन द्यायची आणि मग चहा ठेवायला उठायची.

मग एक दिवस म्हणाला की मनगट दुखतंय, डॉक्टरांनी मोर्सची किल्ली बंद करायला सांगितली आहे, तेव्हा आता डिजिटलवर बोलू. त्यात काही अवघड नाही. आपण अक्षरं टाइप करायची, संगणक त्यांची शीळ करून रेडिओतून सोडतो आणि पलीकडचा संगणक त्या शिळेची पुन्हा अक्षरं करतो. मोड परवानगीतला होता. मला हुरहूर लागली, कारण शिळेला हात नसतो. सगळ्यांची शीळ सारखीच. पण मनगट दुखणाऱ्या भावावर जबरदस्ती काय करायची?

आणि काय सांगू, तिथपासून दादाचा सिग्नल सुधारला. चॅनेलच्या बरोबर मध्यावर, काटा लावून बघा. मी प्रयोगशाळेतल्या बाईला सांगितलं, वहिनीला सांगितलं, दुधवाल्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं. वय वाढलं की माणूस टापटीप होतो, असं मी म्हणाले.

बोलणं मात्र तोकडं झालं होतं. मी भरभरून लिहायची आणि शेवटी "आता तू" टाइप केलं की त्याचं उत्तर यायचं, "वा, झकास!" नाहीतर "काळजी घे गं." आणि दर वेळी, अगदी दर वेळी, "आणि गुडघा काय म्हणतो?" गुडघा केव्हाच बरा झाला होता. पण आपला भाऊ आपल्या गुडघ्याची चौकशी करतो याचंच मला अप्रूप. मनी गेली तेव्हाही मी लिहिलं. मनी म्हणजे माझी मांजर. दादानेच पिशवीतून आणून दिलेली. लिहिताना मला अक्षरं दिसत नव्हती. त्याचं उत्तर आलं, "वा, झकास!" मला ते लागलं. मग मीच स्वतःची समजूत घातली, की त्याने घाईत वाचलं असेल, नाहीतर चेष्टेत वेळ मारून नेली असेल. दादाला रडारड झेपत नाही.

एक रविवार मात्र वेगळा होता. त्या दिवशी मी बाबांबद्दल लिहिलं. शेवटी शेवटी बाबा त्याला ओळखायचे आणि मला ओळखत नव्हते. मी त्यांचं सगळं करायची आणि ते मला "बाई, तुम्ही कोण?" विचारायचे. हे मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते. त्या सकाळी का कोण जाणे, बोटं थांबेनात. "आता तू" लिहिलं आणि पडद्याकडे बघवेना म्हणून मी भिंतीकडे बघत बसले. उत्तर आलं, "कळतं गं मला. मी आहे ना."

मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडले. किती बरं वाटलं होतं!

दादाचा धंदा काय ते सांगायचं राहिलंच. मोठ्या कंपन्यांकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात ना, त्यांना उत्तरं देणारे प्रोग्रॅम तो लिहितो. चार माणसं जमली की फुशारकी मारतो, "समोरच्याला पत्ता लागत नाही!" मीही हसले आहे त्यावर.

त्या रविवारी मी नेहमीसारखी बसले होते. एका कवळीचा रंग जमत नव्हता त्याची कर्मकथा मी लिहीत होते. स्पीकर चालू होता. शीळ पडद्यावर वाचता येत असली तरी मी कान बंद करत नाही, कारण नियम आहे आणि नियमाला कारण आहे. "आता तू" लिहून मी थांबले, दादाची शीळ सुरू झाली आणि तिच्या खालून एका माणसाचा दम लागलेला आवाज आला.

"बचाव पथक. या चॅनेलवरच्या सगळ्यांनी जागा रिकामी करा. डोंगरावर जखमी आहे. जागा रिकामी करा."

माझा हात कीबोर्डवरून आपोआप मागे आला. मी मनात म्हटलं, दादा, ऊठ. त्याची शीळ संपली. मला हायसं वाटलं. पथकाचा माणूस बोलू लागला, बाईची मांडी मोडली आहे, स्ट्रेचर खालच्या वाटेने पाठवा, वरची वाट... आणि तेवढ्यात दादाची शीळ पुन्हा त्याच्यावर चढली. पडद्यावर अक्षरं उमटली.

"वा, झकास! आणि गुडघा काय म्हणतो?"

मी ते वाचलं, पण पटकन अर्थ लागला नाही. पथकाचा माणूस ओरडला, "कोण आहे ते? बंद करा!" शीळ थांबली. तो पुन्हा वाट सांगू लागला, तो थांबल्याबरोबर पुन्हा शीळ. "काळजी घे गं. ऐकतोय, बोल." मी गप्प होते. मी एक अक्षर पाठवलेलं नव्हतं. आणि दादा उत्तरं देत होता. डोंगरावरच्या माणसाच्या आवाजाचा कचरा त्याच्या संगणकात शिरत होता आणि संगणकाला वाटत होतं, ठमी बोलली.

तेव्हा मला कळलं. तिकडे खुर्चीत कोणी नव्हतं.

दादाचा फोन बंद. मी वहिनीला लावला.

"अय्या, वन्सं! आज इकडे कशी वाट चुकलात?" वहिनी लाडात आली की मला वन्सं म्हणते.

"वहिनी, दादा कुठे आहे?"

"हे पोहायला गेलेत की. रविवारी सकाळी जातातच."

"मग रेडिओवर कोण बसलंय?"

"कोणी नाही. ते चालूच असतं त्यांचं. हे जाताना बटण दाबून जातात." मग तिचा आवाज बदलला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

स्पीकरमध्ये तो माणूस आता अक्षरशः विनवत होता. मी म्हटलं, "वहिनी, पळ. त्या खोलीत जा आणि रेडिओमागची जाड काळी वायर ओढून काढ."

"अहो, पण हात लावलेला चालत नाही त्यांना. सेटिंग जातं म्हणतात."

"ओढ म्हणते ना! तिकडे माणूस मरायला टेकलंय!"

पावलांचा आवाज आला, काही तरी खाली पडल्याचा आवाज आला आणि शीळ बंद झाली. मग चॅनेलवर फक्त तो माणूस उरला. स्ट्रेचर तोवर वरच्या वाटेला लागलं होतं, ते मागे फिरवावं लागलं. बाई वाचली, हे पुढे कळलं, पण तेवढा वेळ ती दगडावर पडून होती. मी शेवटपर्यंत ऐकत बसले.

दुपारी दादाचा फोन आला. आवाजात अजून पोहून आल्याची तरतरी.

"अगं, काय घातलास गोंधळ! वहिनी घाबरलीय नुसती. सगळी वायर उपटली तिने."

"दादा, तू तिथे नव्हतास."

"आज नव्हतो. कामाचा ताण असतो, एखादा रविवार तरी मोकळा हवा की नको? अधूनमधून लावून जातो. तू लिहिलेलं नंतर वाचतो ना मी."

"वाचतोस?"

"वाचतो म्हणजे काय! बहुतेक सगळं."

"मनी कुठे आहे?"

तो म्हणाला, "असेल की घरात. का, काय केलं तिने?"

मी फोन कानापासून दूर धरला. त्याचं बोलणं दुरून ऐकू येत होतं, "ठमे? अगं, तुला बरं वाटत होतं ना? तूच म्हणायचीस, दादा, तू हल्ली किती छान बोलतोस. मग झालं तर! यात तुझं नुकसान काय?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"सांगितलं ना, अधूनमधून."

मी त्या एका शब्दाला धरून बसले. अधूनमधून. म्हणजे काही रविवार खरे होते. मग मला एकच रविवार खरा हवा होता. बाकीचे सगळे घे, मनीसुद्धा घे, पण तो एक असू दे. आठवडाभर मी दात घासत होते ते लोकांचे, पण डोक्यात हाच हिशोब, की त्या दिवशी त्याने उत्तर द्यायला जरा वेळ लावला होता. यंत्र कशाला वेळ लावेल? तो असणारच. तो वाचत असणार, त्याचेही डोळे भरले असणार.

परवाना कार्यालयाने दोघांना एकाच दिवशी बोलावलं. बाहेरच्या बोळात लोखंडी खुर्च्या होत्या, एकमेकींना बांधून ठेवलेल्या. एक माणूस हलला की सगळी रांग कुरकुरायची. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटणं बरोबर लावलेली होती. वहिनीने लावली असणार.

"हे बघ," तो कुजबुजला, "त्यांच्याकडे माझा सिग्नल आहे, कॉलसाइन आहे, सगळं आहे. फक्त खोलीत मी होतो की नव्हतो हे त्यांना माहीत नाही. वहिनी काही बोलणार नाही. तू एवढंच सांग, की तू माझ्याशी बोलत होतीस. मी बसलेलो होतो, स्पीकर बंद होता म्हणून हाक ऐकू आली नाही. चूक ती चूक. ताकीद देतील आणि सोडतील."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर परवाना जाईल आणि कॉलसाइनही गोठवतील. मग ते कोणालाच मिळत नाही. तुलाही नाही." त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "बाबांचं नाव आहे ते, ठमे. माझं सोड. बाबांचं नाव तू घालवणार का?"

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढे बोळ हलला. जे नाव मी तोंडचा घास काढून द्यावा तसं त्याला दिलं, तेच नाव आता माझ्याच गळ्यावर सुरीसारखं धरून बसला होता. आणि वाईट याचं, की सुरी बरोबर जागी लागली होती. मला ते नाव जायला नको होतं. रविवारची हाक कायमची बंद व्हायला नको होती. खोटं बोलणं काय, एका वाक्याचं तर काम.

"तुला वाईट वाटलंय," दादा म्हणाला. "कळतं गं मला. मी आहे ना."

अगदी तीच वाक्यं. त्याच्या स्वतःच्या तोंडून, तशीच्या तशी, आणि त्याला पत्ताही नव्हता. मी हात काढून घेतला.

तपासनीस बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. टेबलावर पाण्याचा जग, त्यावर ताटली, शेजारी एक छोटा स्पीकर. त्यांनी आधी पथकाच्या रेडिओवर झालेलं रेकॉर्डिंग लावलं. तो दमलेला आवाज आणि त्याच्यावर चढणारी शीळ. दादा जमिनीकडे बघत होता. रेकॉर्डिंग थांबलं तेव्हा बाई म्हणाल्या, "सिग्नल चॅनेलच्या मध्यावर आहे. मोड परवानगीतला आहे. त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न एवढाच आहे, की यंत्रापाशी माणूस होता का." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, त्या वेळी तुम्ही तुमच्या भावाशी बोलत होतात. बरोबर?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काचेचं भांडं फोडून बाबांपुढे उभा राहिला की तो माझ्याकडे असाच बघायचा, आणि मी दर वेळी म्हणायची, मांजराने पाडलं.

"नाही," मी म्हणाले. "मी बोलत होते. तिकडे कोणी नव्हतं."

"तुमची खात्री आहे?"

"खात्री आहे."

बाईंनी लिहून घेतलं. दादाने खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला. तो रागावला नाही. काही लपवायचं उरलं नाही की माणूस सैल पडतो, तसा तो सैल पडला.

"आणि हे कधीपासून चालू होतं?" बाईंनी त्याला विचारलं.

पेन कागदावर टेकून त्या थांबल्या. मीही थांबले. मला वाटलं, म्हण. अधूनमधून म्हण. नुकतंच सुरू केलं म्हण. इथे तरी खोटं बोल, मी एक शब्द काढणार नाही.

"पहिल्यापासून," दादा म्हणाला. "मोर्स सोडून डिजिटल घेतलं तेव्हापासून. त्याच्यासाठीच तर घेतलं. मोर्सला स्वतः बसावं लागायचं. यंत्राचा हात तिच्या लक्षात आला असता."

"आणि मनगट?" मी विचारलं.

"मनगटाला काही नव्हतं गं."

पेनाचा आवाज तेवढा येत राहिला. म्हणजे तो रविवारसुद्धा. बाबा मला ओळखत नव्हते, हे मी एका रिकाम्या खोलीला सांगितलं होतं, आणि दादा तेव्हा पोहत होता.